संकष्टीच्या दिवशीचं सार

"मीठ कमी आहे," केतकी म्हणाली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की ही खोटं बोलतेय.

दोघी शेजारशेजारच्या ओट्यांशी उभ्या होतो. माझा मसालेभात झाला होता आणि समोर टोमॅटोच्या साराचं पातेलं रटरटत होतं, तिच्यासमोर भरली वांगी. कॉलेजच्या किचनमध्ये आमची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती. कोल्हापूरच्या एका हॉटेलातून आलेल्या पिंटो मॅडम हातात पॅड घेऊन ओट्यांमधून फिरत होत्या. मीच केतकीला म्हटलं होतं, जरा चव बघ गं. शेजारणीला चव द्यायला परवानगी होती. मोठ्या किचनमध्ये असंच चालतं, एकाच्या जिभेवर भरवसा ठेवायचा नसतो, असं आमचे ढवळीकर शेफ सांगायचे. म्हणजे विचारण्यात चुकीचं काही नव्हतं. चुकीचं एवढंच होतं, की मी केतकीला विचारलं होतं.

"किती कमी आहे?" मी विचारलं.

"जरासं. पाव चमचा घाला. फार नको."

इतकं नेमकं सांगितल्यावर तर माझी खात्रीच पटली.

केतकी माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आमच्या मिरजेच्या घरात आली तेव्हा मला येऊन तेरा वर्षं झाली होती. तोवर मी त्या घरातली सुगरण होते. सुगरण म्हणजे काय, ते ज्या बाईला म्हणतात तिलाच कळतं. पाहुणे आले की "वैजूच्या हातची आमटी खाऊनच जा." नणंद माहेरपणाला आली की "वहिनी, तुझ्या हातचं काहीतरी." सासऱ्यांना माझ्याच हातचा चहा लागायचा, सासूबाईंना माझ्याच हातचं पिठलं. मला हे आवडत नव्हतं असं म्हटलं तर मी खोटारडी ठरेन. फुगायचेच मी. आणि ही केतकी! हिच्या पोळ्या म्हणजे एकेक नकाशा. पहिल्या वर्षी तिने मुगाच्या खिचडीत मोहरी इतकी जाळली, की सासरे म्हणाले, "बेटा, तू वाढण्याचं काम कर." ती हसली आणि खरंच वाढण्याचं काम करायला लागली. तिला कशाचं काही वाटायचंच नाही.

मग गावातल्या कॉलेजात कम्युनिटी कॉलेज म्हणून नवं काहीतरी निघालं. वयाची अट नाही, वर्षभराचा स्वयंपाकाचा कोर्स, अकरा ते तीन. मी आठवडाभर मनाशी घोकून एका रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं, मला हे करायचंय. आमचे हे म्हणाले, "तुला आता काय शिकवणार ते?" सासूबाई म्हणाल्या, "सकाळचं सगळं आवरून जाणार असलीस तर जा बाई." मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी चहाचा कप हातात धरून केतकी म्हणाली, "वहिनी, मीपण येते तुमच्याबरोबर."

आयत्या बिळावर नागोबा! पण म्हणणार काय? "ये की," म्हणाले.

पहिल्याच दिवशी हजेरी झाली. आडनाव एकच, म्हणून शेफनी नावाच्या अक्षराप्रमाणे नंबर दिले. केतकी म्हणजे तासगावकर एक. वैजयंती म्हणजे तासगावकर दोन. घरात मी थोरली आणि तिथे वर्षभर "तासगावकर दोन, तुमचा गॅस मोठा आहे," असं ऐकून घ्यायचं. हसू नका, झोंबतं ते.

आणि मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला यायला लागलं. काही येत नव्हतं, म्हणून शेफ जे सांगतील ते ती तसंच्या तसं करायची. कांदा असा धरा म्हटलं की तसा धरायची. बोटं आत वळवा म्हटलं की आत वळवायची. मला मात्र माझा कांदा माहीत होता! मी विळीवर कांदा चिरणारी बाई, तिथे उभं राहून सुरीने चिरताना माझं सगळं वय उघडं पडायचं. शेफ तिच्या ओट्याशी थांबायचे, म्हणायचे, "वा, एक नंबर!" हा तिचा हजेरीचा नंबर की कौतुक, तेही कळायचं नाही, आणि दोन्हीकडून पोटात दुखायचंच.

सगळ्यात मोठी अडचण होती चवीची. शेफ दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "चव!" प्रत्येकाच्या अ‍ॅप्रनच्या खिशात दोन चमचे असायचे. एकाने पातेल्यातलं घ्यायचं, दुसऱ्यात ओतायचं, दुसरा तोंडात घालायचा. पातेल्याचा चमचा वेगळा, तोंडाचा वेगळा. आमच्या घरी मात्र देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही तोंडाला लावायचं नाही. उष्टं होतं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं होतं, आणि मी शिकले ते नाकाने. आमटी उकळली की वाफेवरून मला मीठ कळतं. खरंच कळतं, थट्टा नाही. कॉलेजात देव नव्हता की नैवेद्य नव्हता, पण तोंड काही उघडायचं नाही. चमचा ओठांजवळ न्यायचे, "छान झालंय शेफ," म्हणायचे आणि वास घेऊन निभावून न्यायचे. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

केतकी मात्र सारखी चव घ्यायची. चव घेऊन डोळे मिटायची. घरी एकदा तिने कॉलेजातलं कसलंसं सूप केलं. सासूबाई, माझ्याच सासूबाई, वाटी खाली ठेवत म्हणाल्या, "बरं झालंय हो." त्या रात्री मी भांडी इतकी आपटली की आमचे हे बाहेरून म्हणाले, "काय युद्ध चाललंय?"

कोर्स संपत आला तेव्हा कळलं, की कोल्हापूरचं ते हॉटेल परीक्षेतून माणसं घेणार आहे. ट्रेनी म्हणून आधी, मग कायम. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. हॉटेल आम्हा दोघींनाही घ्यायला तयार होतं, शेफनी तसं सांगितलंही. तयार नव्हतं ते आमचं घर.

"मी कुणाला नाही म्हणत नाही," सासूबाई म्हणाल्या. गव्हात तेलाचा हात फिरवत बसल्या होत्या. "पण दोघी गेल्या तर चुलीपुढे कोण? एक जाईल, एक घर सांभाळेल. जिचा नंबर वर, ती जाईल. न्यायाचं आहे की नाही?"

न्यायाचं होतं. भाऊजी म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर." आमचे हे वर्तमानपत्रात शिरले. केतकीने माझ्याकडे बघितलं आणि मी गव्हाकडे. त्या क्षणापासून ती माझ्यासाठी जाऊ राहिली नाही. ती म्हणजे त्या एसटीतली एकुलती एक सीट अडवून बसलेली बाई झाली.

परीक्षेची तारीख कळल्यावर मी आधी कॅलेंडर बघितलं. संकष्टी! संकष्टीचा उपास मी आणि सासूबाई दोघीही धरायचो, लग्नापासून एकही चुकला नव्हता. पण मला काय, मला चव घ्यायचीच नव्हती. नाक होतं ना.

आदल्या दिवशी मला सर्दी झाली.

साधीसुधी नाही, नाक पार चोंदलेलं. सकाळी उठून हिंगाची डबी नाकाला लावली, काहीच नाही. निलगिरी लावली, नुसते डोळे पाणावले. देवापुढे हात जोडून म्हटलं, बाप्पा, निदान दुपारपर्यंत तरी एक नाकपुडी उघड. बाप्पाने ऐकलं नाही.

तर अशी मी साराच्या पातेल्यापुढे उभी. वाफ तोंडावर येत होती आणि ती गरम पाण्याची आहे की साराची, तेही कळत नव्हतं. म्हणून केतकीला विचारलं. आणि ती म्हणाली, मीठ कमी आहे.

आता बघा. मीठ खरंच कमी असलं आणि मी घातलं नाही, तर मी गेले. मीठ बरोबर असलं आणि हिच्या सांगण्यावरून घातलं, तर सार खारट, आणि तरी मी गेलेच. ती खरं कशाला सांगेल? माझं सार बिघडलं की एसटीत ती बसणार. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. डोळे मिटून, गोड हसून सांगितलं असतं, "झकास, हात लावू नका."

पण मग तिने तसं का नाही सांगितलं? म्हणजे मीठ बरोबरच असणार, आणि हिला मला जास्त घालायला लावायचंय! असं ते डोकं चाललं होतं. वाफेने नाही, जळफळाटाने माझे कान तापले होते.

पिंटो मॅडम दोन ओट्यांवर आल्या होत्या. उरली होती एकच जीभ.

टोमॅटो, हिंग, फोडणी, कढीपत्ता, त्या पातेल्यातली एकही वस्तू उपासाला चालणारी नव्हती. मी डाव उचलला. केतकीने ते बघितलं. तिला कळलं मी काय करतेय. तिने एकदम स्वतःच्या खिशातला कोरा चमचा काढून माझ्यापुढे धरला.

"वहिनी, चमचा घ्या."

"राहू दे," मी म्हटलं. ही मला शिकवणार! मी डावातलं सार सरळ तळहातावर ओतलं आणि भुर्रकन ओढून घेतलं. माझ्या माहेरी चव अशीच घेतात. माझी आई घ्यायची, तिची आई घ्यायची. सार जिभेवरून घशात गेलं.

मीठ कमी होतं. जरासंच. पाव चमच्याने.

"हात," मागून आवाज आला.

पिंटो मॅडम उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, चढवायची त्यांना गरजही नव्हती. "हात धुऊन या आधी. चव चमच्याने घेतात, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं असेल ना तुम्हाला?" आणि पॅडवर त्यांनी काहीतरी लिहिलं. मी हात धुतले. परत येऊन पाव चमचा मीठ घातलं. केतकीच्या हातात तो चमचा तसाच होता. तिने तो खिशात ठेवला आणि वांग्यांवरचं झाकण काढलं.

निकाल तिथल्या तिथे सांगितला. चवीत माझा मसालेभात आणि सार सगळ्या वर्गात वर. मॅडम म्हणाल्या, असं सार मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही. पण स्वच्छतेचे गुण कापले होते, आणि तेवढ्यावरून तासगावकर एक माझ्या पुढे गेली. शेफ मला म्हणाले, "अहो, वर्षभर मी तुम्हाला चव घेताना बघत होतो ना? तेव्हा चमचा होता की हातात."

घरी चालत निघालो. नेहमी ती बडबडत असायची. त्या दिवशी बाजारपेठेच्या कोपऱ्यापर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद लपवतेय. जळजळ तर अशी होत होती, की त्या फुलवाल्याशी उगाच भांडावं.

"वहिनी, तुम्ही आज उपास मोडलात," ती म्हणाली.

"मग? सांग जाऊन घरी."

"लग्नापासूनचा उपास. बाप्पाचा." ती थांबली. "मोडलात, पण माझं ऐकलं नाहीत."

मी चालत राहिले. मग मलाच राहवलं नाही. "तुझ्या जागी मी असते तर खोटं बोलले असते. खरं सांगते. म्हणून ऐकलं नाही."

ती रस्त्यात उभी राहून हसायला लागली. मला वाटलं आता रडेल, तर ही हसतेय! "अहो, माझ्याही मनात आलं होतं! चमचा तोंडात होता तेव्हाच आलं, म्हणावं बरोबर आहे, जाऊ दे. पण चव घेतली की तोंडातून आपोआप खरंच निघतं हो. शेफनी वाट लावलीय माझी."

"मग चमचा कशाला पुढे केलास?"

"मॅडम मागे होत्या ना. तुम्हाला दिसत नव्हत्या." मग थोडं थांबून ती म्हणाली, "घरात सगळे म्हणतात, वहिनींच्या हातची चव. हे तर रोज म्हणतात. मला जिंकायचं होतं वहिनी, खूप जिंकायचं होतं. पण असं नव्हतं."

मला तिचा राग यायला हवा होता. तिने चांगलं वागून माझी ती सोयही काढून घेतली. पण हेवा काही कमी झाला नाही. उलट वाढला. उद्यापासून ही साडी बदलून एसटीत बसणार, आणि मी सासऱ्यांचा चहा टाकणार.

घरात पाऊल टाकलं तेव्हा सासूबाई देवघरापुढे वाती वळत बसल्या होत्या. दिवसभराच्या उपासाने चेहरा सुकला होता. त्यांनी विचारलं, "कुणाचा नंबर वर?"

"केतकीचा," मी सांगितलं.

सासूबाईंनी वात खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "पावला गं बाई, पावला!"

मला वाटलं, केतकीसाठी. ते सूप आठवलं.

"ये इकडे," त्या मला म्हणाल्या. माझा हात धरून जवळ बसवलं. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं त्यांच्या. "सकाळपासून जीव नुसता टांगणीला लागला होता. तू गेली असतीस तर आमचे सगळ्यांचे हाल झाले असते गं. तुझ्या सासऱ्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचा चहा जातो का? मी बाप्पाला सांगितलंच होतं, आजचा उपास तुला त्यासाठीच, माझ्या वैजूला काही धाडू नकोस. केतकीचं काय, ती गेली काय नि राहिली काय, घराचं काय अडतंय?"

केतकी दारात चपला काढत होती. तिने ते ऐकलं. चपला भिंतीशी नीट ठेवल्या.

आणि तिथे, त्या वातींच्या तबकाशेजारी बसून मला कळलं, की वर्षभर मला कशाचा हेवा वाटत होता. तिच्या कांद्याचा नाही, शेफच्या कौतुकाचा नाही, त्या सुपाचा तर नाहीच नाही. तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, याचा. तिने मोहरी जाळली आणि ती सुटली. मी इतकी वर्षं एकही आमटी बिघडू दिली नाही, आणि माझ्याच आमटीने मला बांधून घातलं. वर ते प्रेमाने! सासूबाई वाईट असत्या तर किती बरं झालं असतं. त्या माझा हात कुरवाळत होत्या.

"चल, चंद्रोदयाला अवकाश आहे अजून, पण उकड काढायला घे," त्या म्हणाल्या. "नैवेद्याला आज एकवीस मोदक करू. बाप्पाने ऐकलं माझं."

मी उठले नाही.

"आई, मला नैवेद्य करता येणार नाही."

"का गं? अडचण आली का?"

"नाही. माझा उपास मोडला. दुपारीच. टोमॅटोचं सार खाल्लं मी, हिंग घातलेलं."

त्यांनी माझा हात सोडला. "चुकून?"

"नाही, समजून-उमजून."

सासरे आतल्या खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले, आणि काय झालं हे विचारायचं धाडस न होऊन परत आत गेले.

"अगं, मग नैवेद्याचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "उपास मोडलेल्या हातचा मी बाप्पाला कसा दाखवू? ही केतकी तर काही धरतच नाही. करायचा कुणी?"

"ज्यांचा उपास आहे त्यांनी," मी म्हटलं.

आवाज चढवला नाही. चढवायची मलाही गरज वाटली नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या आणि गुडघ्यावर हात टेकत स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या लग्नापासून त्यांनी उकड काढली नव्हती. डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज यायला लागले. तांदळाची पिठी चौथ्या डब्यात आहे, हे मी मनातल्या मनात तीनदा सांगितलं, तोंडाने एकदाही नाही.

केतकी येऊन माझ्या शेजारी बसली. मी देवघरापुढून उठून खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, तशी त्या घरात दिवेलागणीच्या वेळी मी कधी बसलेलीच नव्हते.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "शेफना विचारू? दुसरी जागा अजून भरली नसेल."

मी तिच्याकडे बघितलं. तिची सीट, तिचा नंबर, तिचं हसू. अजूनही जळत होतं आत. खोटं कशाला बोलू?

"विचार," मी म्हणाले.

"वैजू!" आतून सासूबाईंची हाक आली. आवाज कापरा होता, रागाने की रडण्याने, कळलं नाही. "अगं वैजू, उकडीला पाणी किती घालायचं गं?"

माझे पाय आपोआप जमिनीवर आले. मी अर्धी उठलेसुद्धा. केतकी फक्त बघत होती. मी पुन्हा बसले. पाय वर घेतले.

"अंदाजाने घाला, आई," मी सांगितलं.